विमानाचं धड आणि ५१ टक्क्यांचा धडा



अमेरिकेत घराच्या गॅरेजमध्ये स्वतःचं विमान बांधणं कायदेशीर आहे आणि हजारो माणसं ते करतात. हे ऐकलं की आपल्याला आधी आश्चर्य वाटतं. मग 'त्यांच्याकडे पैसा आहे, जागा आहे' असं म्हणून आपण विषय सोडून देतो. मला मात्र या सगळ्यात तिथल्या हवाई नियमावलीतलं एक वाक्य फार महत्त्वाचं वाटतं. त्याचा आशय असा : ज्या विमानाचा मोठा भाग अशा माणसांनी तयार करून जोडला आहे, की ज्यांनी हे काम केवळ स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा विरंगुळ्यासाठी हाती घेतलं, ते विमान 'हौशी बांधणीचं विमान' म्हणून उडवता येतं.

'केवळ स्वतःच्या शिक्षणासाठी' हे शब्द परत वाचा. विमानाच्या कायद्यात सुरक्षा, परवाने, दंड हे शब्द असणारच. पण तिथे 'शिक्षण' हा शब्द बसलेला बघून कुठल्याही शिक्षकाला थांबावंसं वाटेल. आणि 'मोठा भाग' म्हणजे किती? तर निम्म्याहून अधिक. म्हणून तिकडची मंडळी या अटीला सरळ '५१ टक्क्यांचा नियम' म्हणतात.

माझं म्हणणं थोडक्यात सांगतो. हा नियम आपण आपल्या मुलांच्या शालेय प्रकल्पांना लावून बघायला हवा. तो लावला तर आपल्या आकारिक मूल्यमापनात 'प्रकल्प' या रकान्याखाली दिलेले बरेचसे गुण खरे कोणाचे, हा प्रश्न उभा राहील. पण त्याआधी विमानाचं धड बांधताना माणूस नेमकं काय शिकतो ते नीट बघू या. नाहीतर ५१ टक्के हा नुसता आकडा राहील.

किट म्हणजे काय?

अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात १९५३ साली पॉल पोबेरेझ्नी यांनी घरी विमान बांधणाऱ्या हौशी लोकांची एक संघटना सुरू केली. आज तिचा वार्षिक मेळावा ऑशकॉश या गावी भरतो आणि त्यात घरी बांधलेली विमानं घेऊन जगभरातून माणसं येतात. सुरुवातीला लोक नुसत्या नकाशांवरून विमान बांधत. लाकूड स्वतः कापायचं, नळ्या स्वतः वेल्ड करायच्या. पुढे किट आली. ओरेगॉन राज्यातल्या रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांनी १९७० च्या दशकात सुरू केलेल्या 'व्हॅन्स एअरक्राफ्ट' या कंपनीच्या रचनेची दहा हजारांहून जास्त विमानं आजवर आकाशात गेली आहेत आणि ती बहुतेक सगळी कोणाच्या तरी घरी बांधलेली.

किट म्हणजे मोठ्या खोक्यांमधून आलेले ॲल्युमिनियमचे पत्रे, वाकवलेल्या पट्ट्या, हजारो रिव्हेट आणि नकाशांचा गठ्ठा. अशा दोन आसनी धातूच्या विमानाला साधारण दीड ते दोन हजार तास काम लागतं. रोजची नोकरी सांभाळून संध्याकाळी दोन तास दिले, तर तीन वर्षं सहज जातात.

या किटचा क्रम बघण्यासारखा आहे. आधी शेपूट येते, मग पंख, त्यानंतर धड. कारण साधं आहे. शेपटीचे भाग लहान असतात. एखादा बिघडला तर पुन्हा मागवायला खर्च कमी येतो. शेपटीवर हात बसतो आणि मग माणूस धडाला हात घालतो. डी.एड.ला आपण सगळ्यांनी पाठ केलेलं 'सोप्याकडून कठीणाकडे' हे सूत्र त्या कंपनीने खोक्यांच्या क्रमातच बसवलं आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. इंजिन, पंखा, चाकं, ब्रेक, मीटर या वस्तू तयार विकत घ्यायला नियमाची हरकत नाही. सगळं स्वतः केलं पाहिजे असा हट्ट त्यात नाही. मित्राने, बायकोने, मुलांनी हात लावला तरी चालतं, गटाने मिळून बांधलं तरी चालतं. अट एवढीच, की घडवण्या-जोडण्याचा मोठा भाग शिकण्यासाठी बसलेल्या माणसांच्या हातून झाला पाहिजे.

धड कसं उभं राहतं?

विमानाच्या धडात माणसं बसतात. पंख, शेपूट, चाकं आणि इंजिन या सगळ्यांचा भार शेवटी धडावर येतो. तरीही त्याचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटर जाडीचा असतो, कुठे थोडा जास्त, कुठे थोडा कमी. एवढा पातळ पत्रा हा भार कसा पेलतो?

वर्गात हे समजावायला बांबू पुरेसा आहे. बांबू आतून पोकळ असतो, पण ठरावीक अंतरावर पेर असतं आणि पेराच्या जागी आत आडवा पडदा असतो. तो पडदा नळीला चेपू देत नाही. विमानाच्या धडातही असेच आडवे पडदे असतात, त्यांना बल्कहेड म्हणतात. त्यांच्या कडेने नाकापासून शेपटीकडे लांब पट्ट्या जातात आणि या सांगाड्यावर पत्रा रिव्हेटने जोडला जातो. पत्रा इथे नुसतं झाकण नाही. भाराचा मोठा वाटा तोच उचलतो.

हा प्रयोग पाचवीच्या वर्गातही करता येईल. ड्रॉइंग पेपरची एक लांब नळी करा आणि मधोमध बोटाने दाबा. लगेच चेपेल. आता तशाच दुसऱ्या नळीत तीन-चार ठिकाणी पुठ्ठ्याच्या गोल चकत्या चिकटवा आणि दाबून बघा. कागद तोच, पण नळीचा स्वभाव बदलतो. ज्या मुलाने दोन्ही नळ्या स्वतः केल्या आणि स्वतः दाबल्या, त्याला 'बल्कहेडचे कार्य लिहा' या प्रश्नाचं उत्तर पाठ करावं लागणार नाही.

पत्रा, कच्चा टाका आणि रिव्हेट

आता प्रत्यक्ष काम. धडाचा एक पत्रा बसवायचा तर माणूस काय करतो, ते क्रमाने सांगतो. यातला धीमेपणाच महत्त्वाचा आहे.

आधी पत्र्याच्या कडा कानशीने घासून गुळगुळीत करायच्या. मग पत्रा सांगाड्यावर ठेवायचा आणि भोकांमधून क्लेको नावाचे स्प्रिंगचे चाप घालून तो तात्पुरता अडकवायचा. घरी कपडे शिवणारी आई जसा आधी कच्चा टाका घालून अंगाला लावून बघते, तसंच हे. एकेका पत्र्याला असे शंभर-शंभर चाप लागतात. सगळं जुळलं की भोकं नेमक्या मापाची ड्रिल करायची. आणि मग, नवख्या माणसाचा जीव जिथे कळवळतो ते काम : जोडलेलं सगळं पुन्हा सुटं करायचं.

सुटं का करायचं? कारण ड्रिल केल्यावर प्रत्येक भोकाच्या कडेला धातूची कुसळासारखी बारीक कड उभी राहते. वर्कशॉपमध्ये तिला 'बर' म्हणतात. ती काढली नाही तर दोन पत्रे एकमेकांना नीट टेकत नाहीत आणि त्या खरबरीत जागेतून पुढे तडा जाऊ शकतो. म्हणून प्रत्येक भोक दोन्ही बाजूंनी साफ करायचं. भोकं काही हजार आहेत. त्यानंतर जिथे रिव्हेटचं डोकं पत्र्याच्या पातळीत बसवायचं असतं, तिथे भोकाभोवती छोटा खळगा पाडायचा, गंज लागू नये म्हणून आतून प्रायमर मारायचा, पुन्हा सगळं जुळवायचं, पुन्हा चाप लावायचे. आणि आता कुठे रिव्हेट.

रिव्हेट मारायला बहुतेक वेळा दोन माणसं लागतात. एक बाहेरून हवेच्या दाबावर चालणारी रिव्हेट गन धरतो. दुसरा आतून रिव्हेटच्या शेपटीवर पोलादी ठोकळा दाबून धरतो. गनच्या ठोक्यांनी ती शेपटी ठोकळ्यावर चेपून पसरते आणि आतल्या बाजूला दुसरं डोकं तयार होतं. या डोक्याला माप आहे : रुंदी रिव्हेटच्या व्यासाच्या दीडपट, उंची व्यासाच्या निम्मी. म्हणजे ३.२ मि.मी. व्यासाचा रिव्हेट असेल, तर डोकं साधारण ४.८ मि.मी. रुंद आणि १.६ मि.मी. उंच. 'चालतंय' असं म्हणायला जागा नाही. मापपट्टी लावा, उत्तर समोर आहे.

धडाच्या शेपटीकडचा भाग निमुळता असतो, तिथे मोठ्या माणसाचा हात आतवर पोचत नाही. त्यामुळे लहान चणीच्या माणसाला घरात एकदम भाव येतो. कितीतरी घरांत बायको किंवा मुलगी आत वाकून ठोकळा धरते आणि नवरा किंवा वडील बाहेर गन चालवतात. बाहेरच्याला आतलं दिसत नाही, आतल्याला बाहेरचं. आतल्याने 'तयार' म्हटल्याशिवाय बाहेरच्याने ठोका मारायचा नाही. इथे वडिलांना मुलीचं ऐकावंच लागतं, कारण रिव्हेट नीट बसला की नाही हे फक्त तिला दिसत असतं. आपण गटकार्य, सहकार्य हे शब्द मूल्यमापनाच्या तक्त्यात लिहितो. त्यांचा अर्थ असा असतो.

एक बारीक तपशील खास शिक्षकांसाठी. या पत्र्यावर शिसपेन्सिलने खूण करायची नसते, मार्करने करायची. पेन्सिलीतलं ग्रॅफाइट आणि ॲल्युमिनियम यांच्यात ओलावा आला की गंजाची सुरुवात होते. दहावीच्या पुस्तकात आपण क्षरण शिकवतो. गॅरेजमधल्या माणसाला ते पेन्सिल खाली ठेवताना आठवतं.

चुकीचं काय करायचं?

रिव्हेट वाकडा बसतो. सगळ्यांचा बसतो. मग तो ड्रिलने पोखरून काढून नवा घालायचा. पण इथे अनुभवी मंडळी एक सल्ला देतात तो मला फार मोलाचा वाटतो. रिव्हेट काढताना हात चुकला तर भोकच मोठं होतं आणि मग नवा रिव्हेटही धड बसत नाही. म्हणून किंचित बिघडलेला रिव्हेट कधी कधी तसाच ठेवणं बरं. कुठला काढायचा आणि कुठला ठेवायचा, हे ठरवता आलं की तो माणूस कारागीर झाला समजा.

आपल्या लाल पेनाला हे लागू पडतं असं तुम्हाला वाटत नाही का? मुलाच्या निबंधातली प्रत्येक चूक खोडून वर आपलं वाक्य लिहिलं, तर शेवटी निबंध आपला होतो. काही चुका आज दुरुस्त करायच्या असतात, काही त्याच्या पुढच्या निबंधापर्यंत थांबू शकतात.

पण सगळ्याच चुका अशा सौम्य नसतात, हेही मुलांना सांगायला हवं. १९५४ साली ब्रिटिश बनावटीची 'कॉमेट' जातीची दोन प्रवासी जेट विमानं हवेत तुटून पडली. कारण शोधण्यासाठी फार्नबरो येथे एका कॉमेटचं धड पाण्याच्या मोठ्या टाकीत ठेवून त्यात पुन्हा पुन्हा दाब भरला आणि सोडला गेला. शेवटी खिडकीच्या कोपऱ्याजवळ तडा गेला. कोपऱ्याशी आणि भोकांच्या कडेशी ताण एकवटतो आणि प्रत्येक उड्डाणागणिक तो धातूला थकवत जातो, हे त्यातून सगळ्या जगाला कळलं. घरी बांधलेल्या लहान विमानाच्या धडात तसा दाब भरलेला नसतो. तरीही भोकाच्या कडेची ती कुसळ घासून काढण्यामागे हेच विज्ञान आहे. काम कंटाळवाणं आहे, पण त्याचं कारण माहीत असलं की तो कंटाळा सहन होतो. आपण मुलांना कंटाळवाणी कामं देतो, पण कारण सांगायचं राहून जातं.

सही कोणाची?

५१ टक्के स्वतः केले हे सिद्ध कसं करायचं? नोंदवही आणि फोटो. कुठल्या तारखेला काय केलं, किती तास, कुठला भाग बिघडला, कसा दुरुस्त केला, हे बांधणारा लिहून ठेवतो. मध्ये मध्ये संघटनेचा अनुभवी सल्लागार घरी येऊन काम बघतो. पत्रा पक्का बंद होण्याआधीच आतलं काम दाखवून घेतात, कारण नंतर ते दिसणार नसतं. शेवटी अधिकृत तपासनीस येतो, कागद आणि विमान दोन्ही बघतो.

त्यानंतरही लगेच कोणाला फिरवून आणता येत नाही. सुरुवातीचे साधारण २५ किंवा ४० तास नेमून दिलेल्या क्षेत्रात चाचणीची उड्डाणं करावी लागतात. विमानावर 'एक्सपरिमेंटल' असं ठळक लिहावं लागतं आणि आत बसणाऱ्याला दिसेल अशी पाटी लावावी लागते, की हे विमान हौशी माणसाने बांधलेलं आहे आणि नेहमीच्या विमानांचे सुरक्षा-निकष ते पाळत नाही.

आणि सगळ्यात सुंदर तरतूद पुढे आहे. ज्याने विमान बांधलं त्याला अर्ज करून त्याच विमानाच्या वार्षिक तपासणीचा दाखला मिळवता येतो. एरवी हे काम परवानाधारक मेकॅनिकचं. पण या एका विमानापुरता कायदा मान्य करतो, की याने ते घडवलंय, म्हणजे याला ते कळतं. तेच विमान पुढे दुसऱ्याने विकत घेतलं, तर त्या नव्या मालकाला हा दाखला मिळत नाही. विमान विकता येतं, शिकलेलं विकता येत नाही.

आपल्या मातीतली उदाहरणं

हे सगळं लांबचं वाटत असेल तर मुंबईत या. वैमानिक अमोल यादव यांनी १९९८ पासून स्वतः विमान बांधण्याचे प्रयत्न सुरू केले. पहिल्या प्रयत्नांना यश आलं नाही. कांदिवलीतल्या चारकोप भागात राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं. तेही किटवरून नाही, स्वतःच्या रचनेने. २०१६ साली वांद्रे-कुर्ला संकुलात भरलेल्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं आणि २०१७ साली त्याची अधिकृत नोंदणी झाली. १९९८ ते २०१७, म्हणजे पहिलीतलं मूल शाळा, कॉलेज संपवून नोकरीला लागेल एवढा काळ.

आणि हाताने करून शिकणं हा विचार तर आपल्याच राज्यातून देशभर गेला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी उद्योगातून शिक्षण मांडलं, त्यालाच पुढे 'नई तालीम' म्हणू लागले. पुणे जिल्ह्यातल्या पाबळ गावी डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून आलेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात मुलं आठवड्यातला एक दिवस वेल्डिंग, शेती, ऊर्जा, आरोग्य अशी खरी कामं करतात. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना सुतार, कुंभार, माळी अशा कारागिरांकडे शिकू द्यावं असं म्हटलं आहे.

म्हणजे विचाराची टंचाई आपल्याकडे कधीच नव्हती. अडचण दुसरीकडे आहे.

आपले ५१ टक्के कुठे गेले?

रविवारी रात्री साडेनऊला पालकांच्या ग्रुपवर मेसेज येतो, 'उद्या सौरमालेचं मॉडेल न्यायचंय का?' मग धावपळ. शाळेजवळच्या स्टेशनरीच्या दुकानावर 'तयार प्रकल्प मिळतील' अशी पाटी असतेच. नाहीतर बाबा फोम शीट कापतात, आई रंगवते, ताई सुंदर अक्षरात नावं लिहिते. मूल बाजूला बसून फेविकॉलची बाटली धरतं आणि दहाला झोपी जातं. सोमवारी सगळ्यात देखणं मॉडेल टेबलावर पुढे ठेवलं जातं, पाहुण्यांना दाखवलं जातं. ज्या मुलीने शनीची कडी स्वतः कापली आणि ती जरा वाकडी झाली, तिचं मॉडेल मागच्या रांगेत जातं.

त्या मुलीला त्या दिवशी आपण काय शिकवलं? स्वतः केलेल्यापेक्षा विकत आणलेलं श्रेष्ठ, हेच की नाही? आणि ज्याचं मॉडेल पुढे ठेवलं त्या मुलाला? त्याला कळलं, की आपल्या नावावर दुसऱ्याचं काम खपतं. धड्यातला शनी दोघंही विसरतील. हे मात्र विसरणार नाहीत.

दिवाळीचंही तेच होत चाललंय. मातीचा किल्ला बाजारात तयार मिळतो, बुरूज-दरवाजासकट. बांबूच्या कामट्या आणि कागदाचा आकाशकंदील घरी करणारी घरं कमी झाली. गंमत बघा, हलक्या कामट्यांचा सांगाडा आणि त्यावर ताणलेलं पातळ आवरण ही जी आकाशकंदिलाची रचना, तीच जुन्या काळच्या लाकूड-कापडाच्या विमानांच्या धडाची. आपल्या घरात दरवर्षी एक छोटं धड बांधलं जायचं. ते आपण विकत आणायला लागलो.

काही आक्षेप

पहिला आक्षेप : 'मुलांना एकट्याने जमत नाही.' अगदी खरं. म्हणून तर नियम ५१ टक्क्यांचा आहे, १०० चा नाही. इंजिन विकत घ्या म्हणतो तो नियम. कटरने जाड पुठ्ठा मोठ्यांनी कापावा, वीजजोडणी मोठ्यांनी करावी. मदत करायला बंदी नाही, मदत लपवायला आहे.

दुसरा : 'वेळ कुठे आहे? अभ्यासक्रम संपवायचाय.' वेळ कमी आहे हे शिक्षक म्हणून मलाही माहीत आहे. म्हणून वर्षाला आठ प्रकल्प घरी पाठवण्यापेक्षा दोनच घ्या आणि ते वर्गात घ्या. तयार मॉडेल आणण्यात मुलाचा वेळ वाचतो असं वाटतं, पण त्यातून तो काहीच शिकला नसेल तर तो वेळ आणि पैसा दोन्ही वाया गेले.

तिसरा आक्षेप विमानाबद्दलचा : 'हे धोक्याचं आहे.' हो, आहे. अमेरिकेतल्या अपघात-तपास यंत्रणेने २०१२ साली केलेल्या अभ्यासातही हौशी बांधणीच्या विमानांचे अपघात कारखान्यातल्या तशाच लहान विमानांपेक्षा जास्त दिसले, विशेषतः सुरुवातीच्या उड्डाणांत. म्हणून घरोघरी विमानं बांधा असं माझं म्हणणं नाही. पण त्या धोक्यामुळेच तिथे नोंदवही खोटी लिहायचा मोह होत नाही. त्या विमानात स्वतःलाच बसायचं असतं. आपल्या प्रकल्पवहीत खोटं लिहिलं तर काहीच कोसळत नाही, म्हणून ते इतकी वर्षं चालू आहे.

मग काय करता येईल?

फार मोठ्या योजना नकोत. या सत्रापासून जमतील अशा पाच गोष्टी सुचवतो.

१. कोणी काय केलं ते लिहा. प्रत्येक प्रकल्पाच्या मागे एक चिठ्ठी चिकटवा : 'मी केलेलं काम' आणि 'मला झालेली मदत'. मदत लिहिल्याबद्दल गुण कापू नका. एकदा कापले की पुढच्या वेळी चिठ्ठी खोटी येईल.

२. गुण नोंदवहीला द्या. तारीख, काय केलं, काय बिघडलं, कसं सुधारलं. दहापैकी किमान पाच गुण या नोंदीला आणि मुलाच्या तोंडी सांगण्याला असू द्या.

३. शेपूट आधी. जून-जुलैत अगदी लहान वस्तू करायला द्या, जी बिघडली तरी चालेल. मोठा प्रकल्प दिवाळीनंतर.

४. कच्चा टाका बघा. चिकटवण्याआधी, रंगवण्याआधी एकदा काम बघायला मागा. पूर्ण झालेल्या मॉडेलवर शेरा मारून उपयोग नसतो, तेव्हा पत्रा बंद झालेला असतो.

५. वाकडी कडी पुढच्या रांगेत ठेवा. प्रदर्शनात मॉडेलशेजारी बिघडलेला पहिला तुकडाही मांडू द्या. पाहुण्यांना आधी तोच दाखवा.

आणि पालकांना एक विनंती. पुढच्या वेळी मूल प्रकल्प घेऊन येईल तेव्हा कात्री हातात घेण्याआधी त्याला विचारा, 'यात मी नेमकं काय धरू?' त्याने सांगितलं तेवढंच धरा, आतून ठोकळा धरणाऱ्यासारखं. गन त्याच्या हातात राहू द्या. काम वेळखाऊ होईल, डिंक सांडेल, कडा वाकड्या होतील. तुम्हाला तीन वेळा तोंडात आलेला सल्ला गिळावा लागेल. आणि मूल झोपल्यावर ते वाकडं मॉडेल गुपचूप नीट करायचा मोह होईल.

तो रिव्हेट तसाच राहू द्या.